दार नसलेल्या गावातला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, मला शोधायला भिंतीकडे पाहू नका. तिथे आता माझा धाकटा भाऊ उभा आहे. मी हल्ली कुठे असतो ते शेवटी सांगेन. आधी माझी कहाणी ऐका. मी ज्या गावात सारे आयुष्य काढले, त्या गावात एकाही घराला दार नाही, आणि म्हणूनच माझे जे काही झाले ते दुसऱ्या कुठल्या दरवाजाचे झाले नसेल.

माझा जन्म सिडनीतल्या एका कारखान्यात झाला. पोलादाचे दोन पत्रे, मध्ये फेसाचा जाड थर आणि चारी कडांना काळ्या रबराची पट्टी, असा माझा देह. ज्या कामगाराने ती पट्टी बसवली त्याने मला दोनदा उघडून लावून पाहिले, बोटाने फट शोधली, आणि ती सापडली नाही म्हणून खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते. तिथून बोटीने मी सामोआला आलो, आपियाच्या बंदरात उतरलो, दुसऱ्या बोटीने सावाइई बेटावर पोचलो आणि तारोच्या कंदांच्या पोत्यांवर आडवा पडून ट्रकने फांगातोलु गावात दाखल झालो.

अख्खे गाव मला पाहायला जमले होते. इथल्या घराला फाले म्हणतात. खांब, वर छप्पर, खाली चटया आणि चारी बाजूंनी वारा. कोण काय जेवते, कोण कुणावर रुसले आहे, सगळे रस्त्यावरून दिसते. रस्त्याने जाणाऱ्याला आतून हाक मारायचीच, "ये, जेवून जा!" भांड्यात एकच कंद उरला असला तरी मारायची. अशा गावात चार बोटे जाडीचा दरवाजा म्हणजे आक्रीतच.

"एवढा जाड?" लाफाएले नावाच्या एका ढेरपोट्या गृहस्थांनी मला टकटक वाजवून विचारले. "आत काय राक्षस कोंडणार आहात?"

"मामा, आत यंत्रं राहणार आहेत," त्यांची भाची आकेनेसे म्हणाली. "आणि यंत्रांत आपण सगळे."

"मी काही मावणार नाही," मामा पोटावरून हात फिरवत म्हणाले, आणि गाव खो खो हसले.

आकेनेसे ऑकलंडला जाऊन यंत्रांचे शिक्षण घेऊन आली होती. तिथेच राहिली असती तर सुखात राहिली असती. पण ती बारा वर्षांची असताना पुराचे पाणी सरकारी कचेरीत शिरले होते आणि जमिनींच्या नोंदवह्यांचा लगदा झाला होता. त्यात तिच्या वडिलांच्या शेताची नोंदही गेली. पुढे अकरा वर्षे वडील आणि काका एका फणसासारख्या फळाच्या झाडावरून भांडत राहिले, ते झाड कुणाच्या हद्दीत यावरून. एकमेकांच्या पंगतीला बसले नाहीत. "कागद भिजला आणि दोन घरं फुटली," असे ती म्हणे. म्हणून बेटावर छोटे डेटा सेंटर बांधायचे ठरले तेव्हा तिनेच टेकाडावरची जागा सुचवली, आणि त्याची जबाबदारी मागून घेतली. बेटावरच्या दवाखान्याच्या नोंदी, जन्म, मृत्यू, कुणाची जमीन कुठली, कुणाकडे कुठल्या घराण्याचे मानाचे नाव, हे सारे माझ्या पाठीमागच्या खोलीत आले.

गावाने त्या खोलीला नाव ठेवले गारघर. पहिल्याच आठवड्यात एक जण खांद्यावर टूना मासा घेऊन आला. "एकच आहे गं," तो आकेनेसेला म्हणाला, "सकाळी घेऊन जातो." त्याला समजावता समजावता तिला नाकी नऊ आले.

मित्रांनो, माझे काम ऐकायला सोपे वाटते. लागायचे आणि उघडायचे. पण मी तीन सासवांची एकुलती सून होतो. पहिली म्हणे, यंत्रे एक क्षणही थांबता कामा नयेत, म्हणून सगळे दोन दोन ठेवा आणि काही बिघडले तर लगेच आत शिरता आले पाहिजे. दुसरी म्हणे, आत कुणी शिरताच कामा नये. तिसरी म्हणे, दोन दोन कशाला, वीज काय झाडाला लागते? बोटीने तेल येते तेव्हा बेटाला वीज मिळते, तेव्हा गारवा जपून वापरा. एकीचे ऐकावे तर दुसरी फुरंगटून बसे. आणि तिघींची भांडणे व्हायची ती नेमकी माझ्या कडेला, कारण उघडायचे की लागायचे हा प्रश्न शेवटी माझ्यापाशीच यायचा.

पहिली काही वर्षे मी तिघींना सांभाळले. चौथ्या वर्षी समुद्राच्या तळाची तार तुटली आणि बेटाचा बाहेरच्या जगाशी संबंध नऊ दिवस तुटला. त्या नऊ दिवसांत दवाखान्यात एक अडलेली बाई आली. तिचे आधीचे ऑपरेशन, तिचा रक्तगट, कुठले औषध तिला चालत नाही, हे सारे डॉक्टरला लगेच दिसले, कारण ते दूरदेशी नव्हते, माझ्या पाठीमागे होते. महिनाभराने ती बाई बाळाला घेऊन आली आणि तिने त्याचा चिमुकला तळवा माझ्या पत्र्यावर टेकवला. त्या दिवशी मी इतका फुगलो की बिजागरीतून आवाज आला.

पुढे मात्र माझे वाईट दिवस आले. राखणीला लाफाएलेमामांना नेमले होते. माणूस लाखात एक, पण बंद दरवाजा त्यांच्या जिवाला लागे. एकदा आकेनेसेची म्हातारी आत्या तीन मैल चालत उकडलेला तारो घेऊन भाचीला भेटायला आली. भाची आत कामात होती. नियमाप्रमाणे मामा म्हणाले, "बाहेर थांबा," आणि मी धप्पकन लागलो. आत्याबाई उन्हात थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग तारो घेऊन तशाच परत गेल्या आणि गावभर सांगत सुटल्या, "आकेनेसेनं माझ्या तोंडावर दार लावलं." या गावात एवढी मोठी शिवी दुसरी नाही. मामांना दोन दिवस अन्न गोड लागले नाही.

तिसऱ्या दिवशी ते किनाऱ्यावरून एक काळा दगड घेऊन आले आणि माझ्या पायाशी अडकवला.

"थोडीशी फट," ते मला म्हणाले. "माणुसकीपुरती."

त्या फटीतून गार वारा बाहेर आणि खारा वारा आत. येणारा जाणारा उंबऱ्याशी टेकू लागला, गारवा खाऊ लागला. दुपारी तिथे पत्त्यांचा डाव बसू लागला. आकेनेसेच्या चपलांचा आवाज आला की दगड गवतात जाई. आत थंड हवेची यंत्रे धापा टाकत होती, माझे रबर उन्हाने तडकत होते, आणि मला तोंड नव्हते. मित्रांनो, आपल्यामुळे घर बुडते आहे हे दिसत असून गप्प राहावे लागणे, यासारखे दुःख नाही.

एका दुपारी एक यंत्र गंजून बंद पडले आणि सहा तास दवाखान्याच्या नोंदी दिसेनाशा झाल्या. वीजही जवळजवळ दुप्पट खर्च होत होती. आकेनेसे कारण शोधत बाहेर आली ती थेट दगडावर ठेचकाळली.

"मामा, हा दगड इथे कसा?"

"वाऱ्यानं आला असेल."

"चार किलोचा?"

"जोराचा वारा होता गं."

ती हसली नाही. मामांनी मान खाली घातली.

पंधरा दिवसांत, ज्यांनी ही यंत्रे दिली होती त्या ऑकलंडच्या संस्थेचे तपासनीस आले. त्यांच्या साहेबांची मुदत स्पष्ट होती. सहा महिने. या सहा महिन्यांत यंत्रे एक मिनिटही थांबता कामा नयेत, वीज पाव हिश्शाने कमी झाली पाहिजे आणि नेमलेल्या माणसांखेरीज कुणी आत जाता कामा नये. यातले एक जरी चुकले तरी सगळी यंत्रे बोटीत घालून ऑकलंडला. मला कार्ड लावून उघडणारे नवे कुलूप बसवण्यात आले. हाताने फिरवायची जुनी किल्ली इमारतीत नको आणि आकेनेसेकडेही नको, दुसऱ्या कुणा विश्वासू माणसाकडे मोहोरबंद ठेवा, असा हुकूम झाला.

ते गेल्यावर आकेनेसे मला पाठ टेकून जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. पुन्हा तार तुटली तर दवाखान्यातल्या बाईचे काय, हे तिला दिसत होते. गाव आपले आपण जपू शकत नाही, असा शिक्का आपल्याच हातून बसणार, हेही दिसत होते. मी तिच्या पाठीला जमेल तितका गारवा दिला. मला तेवढेच येत होते.

दुसऱ्या दिवशी गावपंचायत बसली. गावचे प्रमुख लेउतु मधल्या खांबाशी बसले होते. मामा उठले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मला काढा. एखादा दगडाच्या काळजाचा माणूस नेमा."

"दगड तर तुम्हीच आणलात," कुणीतरी म्हणाले.

हशा ओसरल्यावर आकेनेसे बोलली. "मामांना काढून काय होणार? उद्या दुसरा दगड येईल. आपल्याला माणूस उन्हात उभा ठेवता येत नाही, ही आपली खोड जायची नाही, आणि जाऊही नये. आपण दरवाजा बांधला, पण पाहुण्याला बसायला जागाच बांधली नाही. मला दरवाजासमोर एक फाले हवी."

"म्हणजे दाराच्या राखणीला बिनदाराचं घर," लेउतु म्हणाले. "बांधा."

तीन आठवड्यांत माझ्यासमोर फाले उभी राहिली. मी पश्चिमेला तोंड करून होतो. दुपारभर ऊन माझ्या छातीवर आणि शेजारच्या भिंतीवर पडायचे. आता फालेचे झावळ्यांचे छप्पर सारे ऊन झेलू लागले. पाहुणे तिथे टेकत, मामा त्यांना शहाळे फोडून देत, आणि आत कुणाचे काम असेल तर त्याला बसल्या जागी निरोप मिळे. आत्याबाईही आल्या आणि तारो ठेवून, सगळ्यांची चौकशी करून, संध्याकाळीच उठल्या. मला उघडण्याची गरज दिवसातून दोनदा, फार तर तीनदा. आणि अनोळखी माणूस माझ्यापर्यंत पोचायचा तर त्याला आधी आठ-दहा जणांच्या नजरेखालून आणि मामांच्या प्रश्नांखालून जावे लागे. आई कोण, गाव कुठले, जेवलास का, असे सगळे सांगितल्यावाचून सुटका नसे.

मग आकेनेसेने यंत्रांची पुस्तके काढली. खोली इतकी थंड ठेवत की आत स्वेटर घालावा लागे. "अंगावर काटा आला म्हणजे खोली चांगली, असं कुठे लिहिलंय?" ती स्वतःशीच म्हणाली. पुस्तकात सव्वीस-सत्तावीस अंश चालतील असे लिहिले होते. तिने दर आठवड्याला एकेक अंश वाढवला, यंत्रांकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले आणि सव्विसावर थांबली. माझ्या कडांना नवे रबर बसले. विजेचा काटा असा उतरला की तिने दोनदा मोजून पाहिले.

राहिली किल्ली. ती पंचायतीसमोर झाडाच्या सालीच्या कापडात शिवली गेली, शिवणीवर लाखेची मोहोर बसली आणि ती गाठोडी लेउतुंच्या फालेत खांबाला टांगली गेली, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. सहा महिने संपताना शेवटची तपासणी करायला आलेला हेमिश नावाचा तरुण ते पाहून उडालाच.

"उघड्या घरात? कुणीही काढून नेईल!"

"कसा नेईल?" लेउतु म्हणाले. "सगळे बघतायत ना. चोराला भिंत लागते, बाबा."

हेमिशने डोके खाजवले आणि वहीत काहीतरी लिहिले.

विजेची अट पूर्ण झाली होती. आत कुणी आगंतुक गेला नव्हता. यंत्रे एकदाही थांबली नव्हती. फक्त त्या दिवसाची संध्याकाळ उरली होती, आणि मित्रांनो, जे व्हायचे ते त्या संध्याकाळीच झाले.

सूर्य बुडता बुडता शंख वाजला. शंख वाजला की गावात सा लागतो. घराघरांत प्रार्थना सुरू होते, आणि अर्धा तास रस्त्यावरून कुणी चालायचे नाही. गावातले नऊ जण रस्त्याकडेला ठराविक अंतरावर उभे राहतात आणि कुणी सा मोडत नाही ना ते पाहतात. आकेनेसे, मामा आणि हेमिश माझ्यासमोरच्या फालेत चटईवर बसले. घराघरांतून भजनाचे सूर निघाले. इतक्यात दिवे गेले.

जनरेटर लगेच धडधडला. दिवे आले. पण माझ्या पाठीमागे थंड हवेचे यंत्र गप्पच राहिले. विजेच्या झटक्याने त्याचा खटका पडला होता. तो आत जाऊन हाताने वर करायचा होता, बस. आकेनेसे दोन पावलांत माझ्यापाशी आली आणि तिने कार्ड लावले. काही नाही. पुन्हा लावले. त्याच झटक्याने नव्या कुलपाचे डोके बिघडले होते. तिने मला खांदा लावला. सहा महिने ज्या घट्टपणाचा मला अभिमान होता, त्याच घट्टपणाने मी तिला अडवून उभा होतो. त्या क्षणी मी स्वतःचा जितका राग केला तितका दगडाचाही केला नव्हता.

भिंतीवरच्या पडद्यावर खोलीतली उष्णता दिसत होती. अठ्ठावीस. तीस.

"चाळीस झाले की यंत्रं आपोआप बंद होतील," आकेनेसे कुजबुजली. "आधीसारखी उन्हात तापलेली भिंत असती तर एव्हाना झालीही असती. आता दहा-बारा मिनिटं आहेत."

"किल्ली?" हेमिशने विचारले.

"लेउतुंकडे. रस्त्याच्या त्या टोकाला."

आम्ही सगळे ठरवले होते, मित्रांनो. वादळ आले तर काय, आग लागली तर काय. पण साच्या वेळी किल्ली लागली तर काय, हे कुणाच्याच मनात आले नव्हते. कारण साच्या वेळी या गावात काही घडतच नाही.

हेमिश बुटांकडे झेपावला. "मी पळत जातो. मी पाहुणा आहे, मला कोण बोलणार?"

मामांनी त्याचे मनगट धरले. "बस खाली, पोरा. पाहुण्यानं सा मोडला तर दंड यजमानाला. एक डुक्कर. आणि माझ्याकडे एकच आहे."

"मामा, ही थट्टेची वेळ आहे का?" आकेनेसे कळवळून म्हणाली. तिने पदर खोचावा तसा कमरेला गुंडाळलेला लावालावा घट्ट खोचला. ती स्वतःच धावायच्या तयारीत होती.

"थट्टा नाही," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका शांत कधी ऐकला नव्हता. "जायला तुला चार मिनिटं, किल्ली काढायला एक, यायला चढ. पोचशील का? चालायला बंदी आहे. उभ्या माणसानं हात हलवायला कुठे बंदी आहे?"

ते फालेच्या कडेला वाकले आणि रस्त्यावरच्या पहिल्या राखणदाराला दबक्या आवाजात म्हणाले, "लेउतुंकडची किल्ली. फेकत आणा."

त्याने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. मला पहिले तिघेच दिसत होते, पुढचे मला नंतर कळले. निरोप रस्त्याच्या टोकाला पोचला, लेउतुंनी प्रार्थना न थांबवता खांबावरची गाठोडी काढली आणि बसल्या जागेवरून नवव्याकडे भिरकावली. गावाचा जीव क्रिकेटवर. नारळाच्या झावळीच्या दांड्यासारखी बॅट आणि रबराचा चेंडू, त्यात सगळ्यांचे हात तयार झालेले. नवव्याने झेलली, आठव्याला दिली. आठव्याने सातव्याला. घराघरांत लोक गात होते, पण डोळे कुणाचेच मिटलेले नव्हते.

चौतीस. पस्तीस.

अंधारून आले होते. गाठोडी तिसऱ्यापर्यंत आली आणि पुढचा, म्हणजे दुसरा राखणदार होता आउकुसो. त्याला गाव गळका आउकुसो म्हणते. शेजारच्या गावाशी झालेल्या सामन्यात त्याने एका दिवसात पाच झेल सोडले होते आणि बायकोने त्याला दोन दिवस जेवायला उलट्या हाताने वाढले होते. त्याच्यासमोरच्या घरात एक आजीबाई भजनाच्या ओळीतच म्हणाल्या, "अरे देवा, आउकुसो!"

गाठोडी उंच आली. आउकुसोने पाऊल हलवले नाही. त्याने दोन्ही हात पसरले, गाठोडी बोटांवर आपटली, उडाली, छातीवर आपटली, आणि त्याने ती पोटाशी अशी कवटाळली, जणू पोटचे पोर. भजनाचा सूर एकदम इतका चढला की झाडावरची वटवाघळे उडाली.

पहिल्या राखणदाराने ती मामांच्या हातात दिली. हेमिशने मोहोर पाहिली, आकेनेसेने शिवण दाताने तोडली. सदतीस. किल्ली माझ्या पोटात शिरली. कितीतरी महिन्यांत तिथे काही शिरले नव्हते, खार साचला होता. पण मी साऱ्या अंगाचा जोर लावला. कट्ट! मित्रांनो, मी हजारदा उघडलो असेन, पण इतक्या आनंदाने पुन्हा कधी उघडलो नाही.

आकेनेसे आत धावली. खटका वर गेला. पंखे घुमू लागले. आणि आतून तिची हाक आली, "मामा, दार लावा!"

ज्या हातांनी माझ्या पायाशी दगड ठेवला होता, त्याच हातांनी मला पकडले आणि असे दणक्यात लावले की सिडनीतली ती थाप मला पुन्हा आठवली.

अडतीस. अडतीस. सदतीस. पस्तीस.

सा संपल्याचा शंख वाजला आणि सारे गाव टेकाड चढून आले. कुणी नाचत होते, कुणी आउकुसोला खांद्यावर घेतले होते. आकेनेसे बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती, हसत होती आणि रडत होती. लेउतु सगळ्यांत शेवटी सावकाश आले.

हेमिश तपासणीचा कागद भरत होता. "इथे विचारलंय, किल्ली किती जणांनी हाताळली," तो म्हणाला. "नियमाप्रमाणे दोघांनीच हाताळायला हवी."

"मोज," मामा म्हणाले. "नऊ, लेउतु, मी आणि ही."

"बारा." हेमिश हसू लागला. "आणि पाहिली किती जणांनी?"

"गावानं," लेउतु म्हणाले. "तेच लिही."

त्याने तेच लिहिले. यंत्रे एक क्षणही थांबली नव्हती. गारघर फांगातोलुतच राहिले. तपासनिसांच्या साहेबांनी पुढे कळवले की वीज बिघडली तरी हाताने उघडेल असे कुलूप बसवा, आणि आम्ही ते आनंदाने बसवले. त्यानंतर दर शनिवारी राखणदारांना झेल घेण्याचा सराव सुरू झाला. आउकुसो तो झेल अजून सांगतो. दर वर्षी गाठोडी थोडी अधिक उंचावरून येते. तार त्यानंतर दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा दवाखान्यात कुणाचे काही अडले नाही. इतर बेटांवरची माणसे गारघर पाहायला येऊ लागली आणि जाताना फालेची मापे घेऊन गेली.

अशी आणखी चौदा वर्षे गेली. माझ्या बिजागऱ्या झिजल्या, खाऱ्या हवेने खालची कड खाल्ली, आणि एक दिवस नवा दरवाजा बोटीने आला. मला भंगारात न्यायला ट्रक उभा होता. लाफाएलेमामा तेव्हा काठी टेकत चालत. त्यांनी ट्रकवाल्यासमोर काठी आडवी धरली.

"हा कुठे चालला? एवढी वर्षं याच्यासमोर बसून जेवलो. आता याच्यावर जेवणार."

तर मित्रांनो, मी आता त्याच फालेत आहे, माझ्या जुन्या जागेपासून दहा पावलांवर. चार दगडांवर आडवा. माझ्या पाठीवर केळीची पाने पसरतात, त्यावर तारो, मासे आणि शहाळी येतात. आकेनेसे कामावरून येऊन माझ्या कडेशी बसते. तिचे केस पांढरे झाले आहेत. तिच्या वडिलांची आणि काकांची मुले तिच्या शेजारी बसतात. त्या अडलेल्या बाईची मुलगी आता राखणीला आहे. रस्त्याने कुणी गेले की तिची हाक ऐकू येते, "या, जेवून जा!"

माझे तुम्हाला एवढेच मागणे आहे. घरातला दरवाजा आपटू नका, उगाच उघडा टाकू नका, वर्षातून एकदा त्याच्या बिजागरीला तेल घाला. आणि त्याची किल्ली अशा माणसांकडे ठेवा, जी हाक मारताच हात पुढे करतील. मी उभा होतो तोवर ज्यांना बाहेर थांबवत आलो, ती सगळी माणसे आज माझ्याभोवती दाटीवाटीने बसतात. मला तोलून धरणाऱ्या चार दगडांपैकी एक काळा आहे, किनाऱ्यावरचा, चार किलोचा. आता तो कुणी गवतात लपवत नाही.